नेतृत्वाचा रकाना आणि तुमचे वार्षिक अहवाल: शिष्यवृत्त्यांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
विद्यापीठीय शिष्यवृत्त्यांचे विश्वस्त, निवड समित्यांचे सदस्य आणि माजी विद्यार्थी कार्यालयांचे प्रमुख

स. न. वि. वि.

मी शिक्षक आहे. दर वर्षी अर्जांच्या हंगामात माझ्या विद्यार्थ्यांसाठी तुमच्याकडे शिफारसपत्रं पाठवतो. त्यामुळे तुमचे फॉर्म मला जवळजवळ पाठ आहेत. त्यात एक तक्ता हमखास असतो: या विद्यार्थ्याची नेतृत्वक्षमता, तुम्ही आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत, कुठे बसते? वरचा एक टक्का, वरचे पाच टक्के, वरचे दहा टक्के. दहाच्या खाली खूण केली की अर्ज बाद, हे तुम्हाला ठाऊक असतं, मला ठाऊक असतं आणि विद्यार्थ्यालाही. मग सगळेच शिक्षक एक टक्क्यावर खूण करतात आणि त्या एक टक्क्यात अख्खा वर्ग बसतो. या आकड्याचं पुढे तुम्ही काय करता, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

दुसऱ्या टोकाला तुमचे वार्षिक अहवाल असतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी इतके मंत्री, इतके न्यायाधीश, इतके कुलगुरू, इतक्यांच्या कंपन्या. फोटो, त्याखाली नाव, नावाखाली पद. आणि मग ‘आम्ही उद्याचे नेते घडवतो’ हे वाक्य. तक्त्यापासून या वाक्यापर्यंतचा जो प्रवास आहे, त्याबद्दल हे पत्र आहे. शिष्यवृत्तीने आयुष्य बदलतं यावर माझा विश्वास आहे, नाहीतर दर हंगामात रात्री जागून पत्रं लिहिली नसती. पण ते कशाने बदलतं आणि कोणाचं बदलतं, हे तुमच्या अहवालांतून कळत नाही.

रामानुजन यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे असं आपण समजतो, पण तिच्यातला शिष्यवृत्तीचा भाग फारसा सांगितला जात नाही. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि गणित सोडून बाकीच्या विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने, इंग्रजीत नापास होऊन, ती गेली. पुढे मद्रासच्या महाविद्यालयातही तीच गत झाली. पदवी नाही, शिष्यवृत्ती नाही. काही वर्षांनी ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. १९१३ साली केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना त्यांनी पत्र लिहिलं. त्याच सुमारास वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी त्यांच्या वह्या पाहिल्या आणि मद्रास विद्यापीठाला कळवलं. विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली, दोन वर्षांसाठी. ज्याच्याकडे साधी पदवी नाही अशा माणसाला संशोधनवृत्ती देणं नियमांत बसत नव्हतं. तरी ती दिली गेली. अट एवढीच की दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यायचा.

एकच माणूस, एकच बुद्धी. एका शिष्यवृत्तीने त्याला बाहेर काढलं, दुसरीने आत घेतलं. पहिली देणाऱ्यांचा निकष काटेकोर होता आणि कोणावर अन्याय होऊ नये म्हणूनच तो काटेकोर ठेवला असणार. दुसरी देणाऱ्यांनी वह्या वाचल्या, जाणकारांचं ऐकलं आणि नियम वाकवला. तुमच्यापैकी किती समित्यांना आज असा नियम वाकवता येईल? अर्जाच्या पहिल्याच पायरीवर, ठरावीक टक्क्यांच्या खाली गुण असले की संगणक अर्ज पुढे जाऊच देत नाही. वही उघडेपर्यंत वेळच येत नाही.

१९१४ मध्ये केंब्रिजला जाण्यासाठी विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५० पौंड दिले. त्यातले ५० पौंड घरच्यांच्या निर्वाहासाठी बाजूला काढलेले होते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. घरात कोणी अवलंबून आहे का, हा प्रश्न आजच्या कित्येक फॉर्ममध्ये नसतो. फी भरली जाते, विमानाचं तिकीट मिळतं, पण मागे राहिलेल्यांचं काय, या विवंचनेत पहिलं वर्ष जातं. स्टायपेंडमधून पैसे वाचवून घरी पाठवणारा विद्यार्थी परिषदांना जात नाही, मित्रांबरोबर बाहेर पडत नाही, सुट्टीत काम शोधतो. ज्या ‘नेटवर्क’चा तुम्ही एवढा गौरव करता, त्यातून तो आपोआप गळतो. आणि पाच वर्षांनी तुमच्या सर्वेक्षणात तो ‘कमी सक्रिय माजी विद्यार्थी’ म्हणून नोंदला जातो.

रामानुजन परतायच्या बेतात असताना मद्रास विद्यापीठाने त्यांना पुन्हा २५० पौंडांची वार्षिक वृत्ती देऊ केली. १९१९ च्या जानेवारीत त्यांनी कळवलं की माझ्या गरजा भागल्यावर जे उरेल ते गरीब आणि अनाथ मुलांच्या फीसाठी, शाळांतल्या पुस्तकांसाठी वापरावं. आता सांगा, नेतृत्वक्षमतेच्या तक्त्यात त्यांच्यासाठी कुठे खूण करायची? समाजात न मिसळणारे, भाषण न करणारे, कोणत्याही क्लबचे अध्यक्ष नसलेले रामानुजन वरच्या दहा टक्क्यांत तरी बसले असते का?

आता ‘घडवतो’ या क्रियापदाकडे येतो. हजारो अर्जांतून तुम्ही मूठभर निवडता. निवडतानाच अशी मुलं घेता, जी कुठेही गेली तरी पुढे जाणार हे बऱ्यापैकी उघड असतं. वीस वर्षांनी ती पुढे गेलेली दिसतात आणि श्रेय शिष्यवृत्तीच्या खात्यावर जमा होतं. २००२ साली स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी कॉलेजांच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला. ज्यांना सारख्याच तोडीच्या कॉलेजांनी प्रवेश दिला किंवा नाकारला होता, पण ज्यांतले काही अधिक नामांकित कॉलेजात गेले आणि काही कमी नामांकित कॉलेजात, अशांची पुढची कमाई त्यांनी ताडून पाहिली. सरसकट पाहता फरक फारसा निघाला नाही. अपवाद होता तो कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांचा. त्यांना नामांकित कॉलेजाचा फायदा झाला होता. माझ्या लेखी तुमच्या सगळ्या चकचकीत अहवालांपेक्षा हा निष्कर्ष जास्त उपयोगाचा आहे, कारण तुमचा पैसा खरोखर काम कुठे करतो ते तो सांगतो. ज्याचं तुमच्यावाचून अडत नव्हतं, त्याच्या यशाचा फोटो छापून काय सिद्ध होतं?

निवडरेषेवरचं चित्र तर आणखी बोलकं आहे. २०१८ साली नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांच्या अनुदानांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निवडरेषेच्या अगदी किंचित वर आणि किंचित खाली असलेल्यांची तुलना त्यात होती. गुणवत्तेत दोघांत म्हणावा असा फरक नाही, तरी पुढच्या आठ वर्षांत वरच्यांना खालच्यांच्या दुपटीहून जास्त संशोधननिधी मिळाला. एक कारण असं सापडलं की खाली राहिलेल्यांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं. पुढल्याच वर्षी अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधन अनुदानांवरचा अभ्यास आला. तिथेही थोडक्यात हुकलेल्यांपैकी काही जण संशोधनातूनच बाहेर पडले. पण जे टिकून राहिले, त्यांचं नंतरचं काम थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा सरस निघालं.

हे दोन्ही अभ्यास संशोधन अनुदानांचे आहेत, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांचे नाहीत, हे मान्य. पण निवडरेषा ती निवडरेषाच. शेवटच्या मुलाखतीनंतर दोन नावांत तुम्हाला अर्ध्या गुणाने निवड करावी लागते, हे तुमच्यातल्या प्रामाणिक माणसांनी मला खासगीत सांगितलेलं आहे. ज्याला मिळाली त्याच्या बायोडेटावर कायमचा शिक्का बसतो, पुढची दारं तो शिक्का उघडतो आणि उघडलेली दारं पाहून तुमची निवड बरोबर होती असं तुम्हाला वाटतं. ज्याला नाही मिळाली, त्याला एक छापील ईमेल जातो. त्यानंतर त्याचं काय झालं याची नोंद एकाही अहवालात मला दिसलेली नाही. शिष्यवृत्तीने नेमका काय फरक पडला हे समजायचं असेल तर सगळ्यात चांगला पुरावा याच माणसांकडे आहे. त्यांचे पत्ते तुमच्याकडे आहेत. फक्त कोणी विचारत नाही.

मग शिष्यवृत्तीने नक्की होतं तरी काय? माझ्या विद्यार्थ्यांकडे पाहून सांगायचं तर पहिली गोष्ट म्हणजे नाही म्हणायची मुभा. कर्ज डोक्यावर नसलेली मुलगी मिळेल ती पहिली नोकरी घेत नाही, थांबते, विषय बदलते, चुकीच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडते. दुसरी गोष्ट म्हणजे सहवास. डॉ. आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा कितीतरी वर्गांत ते बसले. जॉन ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे शिक्षक भेटले आणि आयुष्यातले सर्वोत्तम मित्र आपल्याला तिथेच मिळाले, असं त्यांनी पुढे म्हटलं. एवढे विषय घेण्याची चैन ज्याच्या राहण्या-जेवण्याची सोय लागलेली आहे त्यालाच परवडते.

पण त्याच शिष्यवृत्तीची दुसरी बाजू बाँडची आहे, आणि ती तुमच्यापैकी अनेकांना लागू पडते. करार असा होता की परत येऊन दहा वर्षं संस्थानची सेवा करायची. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून आंबेडकरांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. ते बडोद्यात रुजू झाले. राहायला जागा मिळेना. कचेरीत शिपाई कागदपत्रं लांबून फेकत. नोकरी सोडून ते निघाले. अट मोडली कोणी? कागदावर त्यांनी. प्रत्यक्षात ज्या व्यवस्थेत त्यांना परत बोलावलं होतं, तिने त्यांच्यासाठी बसायची जागासुद्धा ठेवलेली नव्हती.

याच्या शेजारी रँग्लर परांजपे ठेवून पाहा. सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले, १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले आणि परतून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांचा त्याग खराच होता, दुसरीकडे कितीतरी जास्त मिळालं असतं. पण परतल्यावर काम त्यांची वाट पाहत होतं. सहकारी होते, मान होता. आंबेडकरांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. ‘परत या’ असं म्हणणाऱ्याने परतण्याजोगी जागाही तयार करायची असते, हे आजच्या बाँडांमध्ये लिहिलेलं नसतं. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. सरकारी पैशावर अमेरिकेत आलेल्या फुलब्राइट विद्यार्थ्यांनाही दोन वर्षांची अशीच अट असते. अटीला माझा विरोध नाही. ज्यांच्या पैशावर शिकलो त्यांचं देणं लागतो, ही भावना चांगलीच आहे. पण परतलेल्याला ज्या खात्यात घेतलं जातं तिथे त्याच्या विषयाची प्रयोगशाळाच नसेल आणि दोन वर्षं तो फायलींवर सह्या करत बसला असेल, तर त्याचा जाब कोणाला विचारायचा?

आणि परतफेड मोजायची तरी कशी? बडोद्याच्या खातेवहीत आंबेडकर हे बुडीत खातं होते. १९२० साली ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या जोरावर पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेलं पुरं केलं. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. राज्यघटनेचं तर सांगायलाच नको. यातलं काहीही तीन वर्षांनी पाठवलेल्या प्रश्नावलीत पकडता आलं नसतं.

तुमची ही तीन वर्षांची प्रश्नावली मला कधीच समजलेली नाही. सध्याचं पद काय, तुमच्या हाताखाली किती माणसं काम करतात, धोरणांवर तुमचा प्रभाव पडला का. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल ऱ्होड्स या ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्तीवर तिथे गेला तो कायदा शिकायला. १९१३ साली परतल्यावर तो एका शाळेत शिकवत होता आणि मुलांच्या बास्केटबॉल संघाला प्रशिक्षण देत होता. आपल्या आकाशगंगेबाहेरही आकाशगंगा आहेत हे त्याने दाखवून दिलं ते दहाएक वर्षांनंतर. पुढे गायक-गीतकार म्हणून गाजलेला क्रिस क्रिस्टोफरसनही ऱ्होड्सचाच. सैन्यातली नोकरी सोडून तो नॅशव्हिलच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत झाडलोट करत होता, गाणी लिहिता यावीत म्हणून. त्या वर्षी हाताखालची माणसं मोजली असती तर शून्य भरली असती. माझे विद्यार्थी ही प्रश्नावली भरताना कसनुसे होतात, हे मी पाहिलं आहे. ज्यांचं बरं चाललेलं असतं ते लगेच उत्तर देतात, बाकीचे ईमेल उघडत नाहीत. मग ‘नव्वद टक्के माजी विद्यार्थी समाधानी’ असं छापून येतं, म्हणजे उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्के.

नेतृत्वाबद्दल एक कडू गोष्टही सांगायला हवी. जे. विल्यम फुलब्राइट स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकले. सिनेटर झाल्यावर १९४६ साली त्यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीचा जो कायदा आणला, त्यातून आजवर चार लाखांहून अधिक लोकांना परदेशी जाऊन शिकता, शिकवता आलं. एका शिष्यवृत्तीतून दुसरी निघाली, याहून मोठी परतफेड मला माहीत नाही. याच फुलब्राइटनी १९६६ साली व्हिएतनाम युद्धावर जाहीर सुनावण्या घेऊन आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाला अडचणीत आणलं. आणि याच फुलब्राइटनी १९५६ साली, शाळांतला वर्णभेद संपवण्याच्या न्यायालयीन निर्णयाला विरोध करणाऱ्या दक्षिणेकडच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. शिष्यवृत्ती जग दाखवते, दार उघडते, पण मतदारसंघाच्या भीतीपुढे माणूस काय करेल हे ती ठरवू शकत नाही. तुमच्या अहवालात फक्त १९४६ छापलं जातं.

निकषांबद्दल थोडक्यात. ऱ्होड्स शिष्यवृत्ती ज्यांच्या नावाची आहे त्या सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रात विद्वत्तेबरोबर ‘मर्दानी’ मैदानी खेळांतलं प्रावीण्य हाही निकष होता आणि स्त्रियांना ती शिष्यवृत्ती १९७७ पर्यंत मिळत नव्हती. त्याच मृत्युपत्रात वंशावरून कोणाला अपात्र ठरवू नये असं लिहिलेलं होतं. तरी १९०७ साली निवडल्या गेलेल्या अ‍ॅलन लॉक या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकी विद्यार्थ्याला ऑक्सफर्डच्या अनेक कॉलेजांनी दार बंद केलं आणि त्याच्यानंतरचे कृष्णवर्णीय अमेरिकी ऱ्होड्स विद्यार्थी निवडले जायला १९६०चं दशक उजाडलं. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजमधून पहिल्या आल्या. त्या स्थानाला इंग्लंडच्या शिष्यवृत्तीचा हक्क होता. स्त्री म्हणून तो नाकारला गेला. हितचिंतकांनी पैसे जमवले, त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तिथली बीसीएल ही कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. त्या काळचे विश्वस्त दुष्ट होते असं नाही. नेता कसा दिसतो हे त्यांना आधीच ठाऊक आहे, असं त्यांना वाटत होतं. तुमच्या आजच्या तक्त्यातही तेच गृहीत धरलेलं आहे, फक्त मैदानी खेळांच्या जागी स्वयंसेवी संस्था आणि स्टार्टअप आलेत. ज्याच्या घरी संध्याकाळी दुकान सांभाळावं लागतं किंवा आजारी माणसाजवळ बसावं लागतं, त्याला संस्था काढायला वेळ कुठून मिळणार?

म्हणून काही मागण्या. नेतृत्वाचा टक्केवारीचा रकाना काढून टाका. त्याऐवजी आम्हा शिक्षकांना एवढंच विचारा की हा विद्यार्थी कोणासाठी, काय, स्वतःहून करताना तुम्ही पाहिला. दाखवण्यासारखं काही नसेल तर आम्ही तसं लिहू. घरच्या जबाबदाऱ्यांचा प्रश्न अर्जात घ्या आणि उत्तर आलं तर त्यासाठी वेगळी रक्कम ठेवा, त्या ५० पौंडांसारखी. पहिला हप्ता विद्यार्थी पोहोचण्याआधी द्या. भाड्याची अनामत आणि पहिल्या महिन्याचा खर्च उसने काढून भागवणारी मुलं मी दर वर्षी पाहतो आणि ज्यांना उसने द्यायला कोणी नसतं, ती मिळालेली शिष्यवृत्ती नाकारतात. विषय बदलण्याची परवानगी सन्मानाने द्या. बाँड घालणार असाल तर परतल्यावर त्या माणसाला कोणत्या कामावर घेणार, हे तुमच्याही सहीने लिहून द्या.

आणि सर्वेक्षण पंधरा वर्षांनी करा. त्यात तुमच्या अंतिम यादीत असून ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली नाही, त्यांनाही घ्या. दोघांना तेच प्रश्न विचारा: कर्ज किती वर्षं फेडलं, कोणती नोकरी नाकारता आली, कोणाला शिकवलं, कोणाला मदत केली, कशाचा पश्चात्ताप होतो. कदाचित दोन्ही गटांत फारसा फरक निघणार नाही. तसं निघालं तर तेही छापा. दात्यांना वाईट वाटेल ही भीती मला पटत नाही. जे दाते पंधरा वर्षं पैसे देत राहतात, त्यांना खरं ऐकायची ताकद असते.

माझ्या दोन विद्यार्थिनी एकाच वर्षी, एकाच शिष्यवृत्तीच्या अंतिम फेरीत होत्या. एकीला मिळाली. दुसरी आज काय करते हे मला माहीत आहे, तिची परवानगी घेऊन मी ते तुम्हाला कळवू शकतो. पुढच्या अहवालात तिच्यासाठी अर्धं पान राखून ठेवणार असाल तर उत्तर पाठवा. शिफारसपत्रं नेहमीप्रमाणे मुदतीच्या आत येतील.

आपला,
शिफारसपत्रं लिहिणारा एक शिक्षक